कवा हाय निर्णय? : कवाय लेनर्ड टोरांटोत थांबणार का

पोर्ट क्रेडिटकर | २६ जून २०१९

मिरवणूक होऊन नऊ दिवस झाले. घसा अजून बसलेलाच आहे आणि आता झोपही उडाली आहे.

सगळे वर्ल्डकपच्या धाग्यावर गुंतलेत, म्हणून गुपचूप हा काढतोय. ज्यांना या खेळाचा गंध नाही त्यांच्यासाठी: १३ जूनला टोरांटो रॅप्टर्सनी ओकलंडला जाऊन गोल्डन स्टेट वॉरियर्सना सहाव्या सामन्यात ११४-११० हरवलं. एनबीएचं विजेतेपद पहिल्यांदाच अमेरिकेच्या बाहेर आलं. संघ १९९५चा, म्हणजे मी इथे येण्याच्या आधीपासून ही मंडळी नेमाने हरत होती. ज्याच्या जिवावर जिंकलो तो कवाय लेनर्ड पुढच्या वर्षाचे २ कोटी १३ लाख डॉलर सोडून फ्री एजंट होतोय, म्हणजे कुठल्याही संघाशी करार करायला मोकळा, अशी बातमी आहे. ३० तारखेला संध्याकाळी सहाला बाजार उघडणार.

तो आमचा कधी झाला ते सांगतो. १२ मे, फिलाडेल्फियाविरुद्धचा सातवा सामना. ९०-९०, चार सेकंद उरलेले. जेवण लांबलेलं, आई वर कुकर लावून बेसमेंटमध्ये येऊन बसलेली. (आई वाईहून सहा महिन्यांसाठी आली आहे. बास्केटबॉल तिच्या भाषेत 'ते बादलीत टाकायचं'.) कवाय बॉल घेऊन उजव्या कोपऱ्यापर्यंत पळाला, समोर सात फुटी एम्बीड हात वर करून. त्याच्या बोटांवरून बॉल उंच फेकला आणि हा तिथेच उकिडवा बसला. बॉल रिंगवर आपटला. एक. दोन. तीन. चार. वर कुकरची शिट्टी झाली आणि बॉल आत. मी आणि पोरगा किंचाळतोय, आणि आई शांतपणे, "झाला भात."

त्या दिवसापासून तिचंही लक्ष आहे. परवा तिला विचारलं, थांबेल का गं? म्हणाली, "अबोल माणसाचं काही सांगता येत नाही. तुझ्या आजोबांनी असंच न बोलता घर विकलं होतं."

तर मंडळी, काय वाटतं? ट्विटरवरच्या पुड्या इथे आणून सोडू नयेत. सोडल्याच तर किमान चुरचुरीत असाव्यात.

माणदेशी | २६ जून २०१९

कवा हाय ओ निर्णय? पोराच्या नावातच सवाल हाय.

पोर्ट क्रेडिटकर | २६ जून २०१९

@माणदेशी, धाग्याचं नाव बदललं. श्रेय तुम्हाला.

सदाशिव२_० | २६ जून २०१९

एक बाळबोध शंका. तो तुमच्याकडे आला कधी? 'आमचा आमचा' चाललंय, तर मला वाटलं दहा वर्षं तरी खेळला असेल.

पोर्ट क्रेडिटकर | २६ जून २०१९

अकरा महिने.

सदाशिव२_० | २६ जून २०१९

म्हणजे लिव्ह अँड लायसन्स. भाडेकरूचा करार संपतोय आणि घरमालक देव पाण्यात घालून बसलेत. पुण्यात हे उलटं असतं.

नागपाडा_बॉल | २७ जून २०१९

भाड्याची उपमा आवडली, पण या भाडेकरूनं घराला मजला चढवून दिला, हे लिहा की राव.

मी नागपाड्यातला. सिमेंटच्या कोर्टावर गुडघे फोडून शिकलो, त्यामुळे बोलायचा हक्क आहे असं समजतो. कवायचा खेळ टीव्हीवर बघणाऱ्याला कधीकधी सपक वाटतो. उड्या नाहीत, छाती बडवणं नाही. पण हात बघा त्याचे. पंजा एवढा मोठा की ड्रिबल करणाऱ्याच्या हातातून बॉल असा काढतो, जसा लोकलमध्ये खिशातून पाकीट. तुमच्या त्या सातव्या सामन्यात ४१ पॉइंट. मग मिलवॉकीविरुद्ध पहिले दोन हरल्यावर कोचनं त्याला त्यांच्या हुकमी यानिसच्या अंगावर सोडला आणि मालिकाच फिरली, सलग चार जिंकले. लीग सामन्यांत ८२ पैकी ६० खेळला, बाकी वेळ बसून राहिला. 'लोड मॅनेजमेंट' म्हणतात त्याला. तेव्हा सगळे हसले. प्लेऑफमध्ये, म्हणजे लीगनंतरच्या बाद फेरीत, २४ च्या २४ खेळला तेव्हा हसू बंद.

पण थांबणार नाही. लिहून घ्या. लॉस एंजेलिसमध्ये जन्मला, तिथून तास-दीड तासावर वाढला, कॉलेज सॅन डिएगोला. तो घरी जाणार. आपल्याकडे गिरणीतला माणूस गणपतीला गावी जायचा, तेव्हा मुकादमानं कितीही ओव्हरटाइम देऊ केला तरी थांबायचा का?

वजाबाकी | २७ जून २०१९

ओव्हरटाइमचा विषय निघालाच आहे तर हिशेब मांडते. पेशाने सीए, सवय जात नाही.

एनबीएत प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर मर्यादा असते, सॅलरी कॅप. ती येत्या हंगामासाठी १० कोटी ९१ लाख डॉलरच्या आसपास. सात ते नऊ वर्षं खेळलेल्या खेळाडूला पहिल्या वर्षी जास्तीत जास्त तिचे ३० टक्के मिळतात. कवाय २०११ला आला, म्हणजे आठ वर्षं झाली. धरा ३ कोटी २७ लाख.

आता गंमत. स्वतःचा खेळाडू ठेवायचा असेल तर कॅप ओलांडायची मुभा आहे. लॅरी बर्डच्या नावानं या हक्काला बर्ड राइट्स म्हणतात. खेळाडूची अदलाबदल झाली तर हा हक्क त्याच्याबरोबर नव्या संघाकडे जातो, म्हणून तो आज टोरांटोकडे आहे. त्यामुळे टोरांटो पाच वर्षं आणि दरवर्षी ८ टक्के वाढ देऊ शकतं. बाकीच्यांना चार वर्षं आणि ५ टक्के. बेरीज केली तर इकडे जवळपास १९ कोटी, तिकडे १४ कोटी १० लाखांच्या आत.

पाच कोटींचा फरक बघून हुरळू नका. त्यातला मोठा वाटा पाचव्या वर्षाचा पगार आहे, आणि ते वर्ष तो दुसरीकडेही कमावेलच. शिवाय दहा वर्षं पूर्ण झाली की मर्यादा ३० वरून ३५ टक्क्यांवर जाते. ती होतील २०२१ला. मी त्याची सीए असते तर कुठेही सही कर, पण दोन वर्षांनी बाहेर पडायचं दार ठेव, असं सांगितलं असतं.

कराचा मुद्दा कुणी काढायच्या आत: ऑन्टारियोत वरच्या टप्प्याला ५३.५३ टक्के. कॅलिफोर्नियात केंद्र आणि राज्य मिळून पन्नासच्या घरात. तिथे काही स्वर्ग नाही.

पोर्ट क्रेडिटकर | २७ जून २०१९

हा प्रतिसाद प्रिंट काढून फ्रीजवर लावतो. म्हणजे दोन वर्षं तरी थांबू शकतो, असंच ना?

वजाबाकी | २७ जून २०१९

मी फक्त दाराबद्दल बोलले. घर कुठलं, ते नाही.

अलामो | २८ जून २०१९

सॅन अँटोनियोहून, म्हणजे कवायच्या आधीच्या संघाच्या गावाहून. लिहिणार नव्हतो, पण राहवत नाही.

तुम्ही आज ज्या खुर्चीत बसलात तिच्यात आम्ही गेल्या वर्षी बसलो होतो. आम्ही या पोराला पंधराव्या नंबरवर निवडलेला आणला. २०१४ला फायनलचा सर्वोत्तम खेळाडू झाला तेव्हा बावीस वर्षांचा होता. आमचा जुना आधारस्तंभ डंकन गेला, आता वीस वर्षं हाच, अशी खात्री होती. मग २०१७-१८ला मांडीचा स्नायू दुखावला. आमचे डॉक्टर म्हणाले बरा आहे, त्याचे डॉक्टर म्हणाले नाही. नऊ सामने खेळला. बाकी वर्षभर काय? एक शब्द नाही. संघातले सोबती पत्रकारांना सांगायचे, आम्हालाही माहीत नाही. सगळं बोलणं त्याच्या काकांमार्फत.

दुखणं खोटं होतं असं म्हणत नाही. पण माणसानं एकदा समोर येऊन "मला जायचंय" म्हणावं. तेवढंही नाही.

तो बोलत नाही म्हणून तुम्ही त्याच्या गप्प बसण्यात 'थांबणार' ऐकताय. आम्हीही तेच ऐकलं होतं.

बे_एरियातली_सई | २८ जून २०१९

वॉरियर्सवाली आहे, तेव्हा माझ्याकडून शुभेच्छांची अपेक्षा ठेवू नका. फायनलच्या पाचव्या सामन्यात आमच्या ड्युरंटचं घोट्यामागचं अकिलीस तुटलं आणि तुमच्या स्टेडियममधले काही लोक टाळ्या वाजवत होते, ते मी विसरलेले नाही. (तुमच्याच खेळाडूंनी हात करून गप्प केलं, तेही विसरलेले नाही.) सहाव्यात आमच्याच क्लेचा गुडघा. दोघे धडधाकट असते तर हा धागा निघाला नसता.

बाकी कवाय आमच्या राज्यात येतोय. स्वागत आहे.

पोर्ट क्रेडिटकर | २८ जून २०१९

@सई, टाळ्यांबद्दल मान खाली. मी तेव्हा बाहेर ज्युरासिक पार्कात उभा होतो, स्टेडियमसमोरच्या चौकाला आम्ही ते म्हणतो. तिथेही झालं. शेजारचा एक सरदारजी आजोबा ओरडला, "ओये, बंदे को लगी है!" तेव्हा जरा शांत झाले.

@अलामो, तुमचं दुखणं कळतं. पण इकडे त्याला काय काय देऊ केलंय बघा. हॉटेलांच्या काचांवर पाट्या लागल्यात, कवायला जन्मभर फुकट जेवण. एकानं नवीन घरासाठी म्हणून कुंडीतलं झाड दिलं. २० तारखेला तो बेसबॉल बघायला गेला तर अख्खं स्टेडियम उभं राहिलं. मिरवणुकीत लोक "अजून पाच वर्षं" ओरडत होते, आणि त्यानं भाषणाच्या शेवटी आपलं ते प्रसिद्ध लाकडी हसू स्वतःहून हसून दाखवलं. ज्याला जायचंय तो स्वतःची अशी थट्टा करेल?

माझ्या पोरानं मिरवणुकीला पुठ्ठ्याची पाटी केली होती. हट्टानं मराठीत: 'आणखी पाच वर्षं'. रविवारच्या मराठी शाळेचा तेवढा एक फायदा. ती वाचून एक नाशिकची मुलगी गर्दीतून येऊन भेटली.

सदाशिव२_० | २८ जून २०१९

कवायला मराठी येतं का?

म्हापसेकर | २९ जून २०१९

रे बाबा, वाचतोय हां मी पण. आमच्याकडे फुटबॉल. तिथे खेळाडू दर वर्षी क्लब बदलतो आणि लोक संध्याकाळी त्याच्याबरोबर तव्हेर्नात बसतात. एवढं काळीज कशाला जाळायचं?

सदाशिव२_० | ३० जून २०१९

एजबॅस्टनला हरलो. ३१ धावांनी. ती भगवी जर्सी आणि शेवटच्या पाच षटकांतल्या त्या एकेरी धावा. वर्ल्डकपच्या धाग्यावर रक्तपात चालू आहे, म्हणून इथे शांततेसाठी आलो. तुमचं उघडलं का दुकान?

बे_एरियातली_सई | ३० जून २०१९

उघडलं आणि आमचं लुटलं. ड्युरंट ब्रुकलिनला. घोषणा इन्स्टाग्रामवर. कायरी अर्विंगही तिथेच. क्ले थांबला, पाच वर्षं, १९ कोटी, दुखरा गुडघा धरून. माणूस असावा तर असा.

पोर्ट क्रेडिटकर, आता मला तुमचं दुःख कळायला लागलंय. अजून तुम्हाला झालेलं नाही, पण मला कळतंय.

पोर्ट क्रेडिटकर | १ जुलै २०१९

आज कॅनडा डे. फटाके बघायला तळ्याकाठी गेलो होतो, निम्मे लोक फोनमध्ये डोकं घालून. केम्बा बॉस्टनला, बटलर मायामीला. आमच्या नावासमोर काहीच नाही. डॅनी ग्रीनसुद्धा कवायसाठी थांबलाय. त्याचा निर्णय झाल्यावर मी ठरवेन म्हणतो. लॉस एंजेलिसच्या लेकर्सनी पैसे बाजूला काढून ठेवलेत. अँथनी डेव्हिस आणि लेब्रॉन आहेतच, त्यात हा गेला तर बाकी २९ संघांनी विटीदांडू खेळावं.

मध्यंतरी तो हार्डवेअरच्या दुकानात सामान बांधायची खोकी घेताना दिसला म्हणे. बायको म्हणते, जाणार. मी म्हणतो, इथेच मोठ्या घरात चाललाय. आई म्हणते, "लोणच्याच्या बरण्या पाठवायच्या असतील घरी."

माणदेशी | २ जुलै २०१९

कवा?

पोर्ट क्रेडिटकर | ३ जुलै २०१९

ऑफिसात आज काडीचं काम झालेलं नाही.

रॅप्टर्सच्या मालक कंपनीचं विमान लॉस एंजेलिसहून निघालं. विमानाचा नंबर लोकांना पाठ. आमच्या मजल्यावर चौदा जण त्या फ्लाइट ट्रॅकरच्या नकाशावर पिवळं विमान सरकताना बघत होते. मॅनेजर आला. वाटलं, आता बोलणार. तो म्हणाला, "डेन्व्हर ओलांडलं का?"

उतरल्यावर विमानतळावरून दोन काळ्या गाड्या निघाल्या आणि वर टीव्ही चॅनेलचं हेलिकॉप्टर. थेट प्रक्षेपण! गाड्या लेन बदलतायत, सिग्नलला थांबतायत, आणि निवेदक गंभीर आवाजात सांगतोय. घरी आलो तर आई टीव्हीसमोर. "कुणाची वरात आहे रे? नवरा कुठल्या गाडीत?"

यॉर्कव्हिलमधल्या हॉटेलाबाहेर आता दोनतीनशे माणसं उभी आहेत. पोरगा जाऊया म्हणत होता. मी नको म्हटलं. खरं सांगायचं तर मलाच जायचं होतं, पण वय आडवं आलं.

नागपाडा_बॉल | ४ जुलै २०१९

मित्रा, एक विचारतो, रागावू नकोस. गाडीत नवरा आहे हे कुणी बघितलं?

अलामो | ४ जुलै २०१९

हेलिकॉप्टर बघून तो थांबायचा असेल तरी जाईल. या माणसाला गोंगाट चालत नाही.

पोर्ट क्रेडिटकर | ५ जुलै २०१९

आज काहीच नाही. रॅप्टर्सचा कारभारी मासाई युजिरी, त्याच्यावर माझा विश्वास आहे. झोपतो.

नागपाडा_बॉल | ६ जुलै २०१९

इकडे सकाळचे पावणेबारा वाजलेत, तिकडे मध्यरात्र. टोरांटोकरांनो, उठलात की आधी चहा घ्या, मग खाली वाचा.

.

.

.

क्लिपर्स. लेकर्स पण नाही, लॉस एंजेलिसचाच दुसरा संघ, क्लिपर्स! आणि एकटा नाही जात आहे, ओक्लाहोमाकडून पॉल जॉर्जला उचलायला लावलं. त्याच्या बदल्यात क्लिपर्सनी दिलं काय: शे गिल्जस-अलेक्झांडर, गॅलिनारी, ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या पोरांच्या वार्षिक निवडीच्या, पहिल्या फेरीच्या पाच निवडी, वर दोन वर्षांचे निवड अदलाबदलीचे हक्क. संध्याकाळी तिकडे कॅलिफोर्नियात ७.१चा भूकंप झाला, त्यानंतर अडीच-तीन तासांत हा दुसरा.

लिहून घ्या म्हटलं होतं. पण खरं सांगतो, बरोबर ठरल्याचा आनंद होत नाही आज.

माणदेशी | ६ जुलै २०१९

गेला म्हणा की.

पोर्ट क्रेडिटकर | ६ जुलै २०१९

रात्री दोनला पोरगाच खोलीत आला. काही बोलला नाही, फोन पुढे धरला.

गंमत म्हणजे जो शे त्यांनी देऊन टाकला, तो इथून तासाभरावरच्या हॅमिल्टनचा पोरगा. म्हणजे आमचा माणूस तिकडे जावा म्हणून आमच्याच गावाकडचा तिसरीकडे गेला.

सकाळी आईला सांगितलं. ती पोहे परतत होती. "घरी गेला ना? मग जाऊ दे. आई असेल त्याची." आणि मग, "तुझ्या पोराची ती पुठ्ठ्याची पाटी आता लागत नसेल तर दे. ऊन चांगलं आहे, साबुदाण्याच्या पापड्या घालते." डेकवर या क्षणी 'आणखी पाच वर्षं' वर प्लास्टिक अंथरून पापड्या वाळतायत. फोटो टाकणार होतो, हिंमत होत नाही.

अलामो | ६ जुलै २०१९

खोटं नाही सांगत, मलाही वाईट वाटलं. या खेपेला तरी थांबला असता तर माझी एक गाठ सुटली असती. आमच्यातच काही कमी नव्हतं ना, हे कळलं असतं.

बे_एरियातली_सई | ६ जुलै २०१९

पण तुमचा संघ फसवला गेला असं म्हणता येईल का? मला नाही वाटत. २०१८ला तुम्ही काय केलं होतं? डेरोझन. नऊ वर्षं खेळला, २०१६ला दुसऱ्या कुठल्या संघाशी बोलणीही न करता पाच वर्षांचा करार केला. टोरांटोवर कुणी इतकं प्रेम केलं नसेल. त्यालाच तुम्ही एका वर्षाच्या पाहुण्यासाठी पाठवून दिलंत, आणि 'शब्द दिला होता' असं तो म्हणत राहिला. ज्याला थांबायचं होतं त्याला काढलंत, ज्याला जायचं होतं त्याच्यासाठी हेलिकॉप्टर.

पोर्ट क्रेडिटकर | ७ जुलै २०१९

सई, हे कुणीतरी बोलणार हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. म्हणूनच पहिल्या पोस्टमध्ये डेरोझनचं नाव लिहून खोडलं.

तेव्हा मी मासाईला शिव्या घातल्या होत्या. पोरानं आठवडाभर डेरोझनची १० नंबरची जर्सी अंगातून काढली नव्हती. पण डेरोझनबरोबर आम्ही तीन वर्षं ओळीनं क्लीव्हलंडकडून हरलो, शेवटच्या दोन वेळा एकही सामना न जिंकता. त्याच्याबरोबर जिंकलो नसतो, हेही खरं. दोन्ही खरं आहे आणि मला दोन्ही एकत्र ठेवता येत नाही.

या गावाला सोडून जाणाऱ्यांची सवय आहे हो. मॅकग्रेडी २०००ला गेला. विन्स कार्टरनं जायचं ठरवलं आणि २००४ला गेला, दहा वर्षं लोक त्याची हुर्यो उडवत होते. बॉश २०१०ला. प्रत्येक वेळी आपल्यालाच बघून नाक मुरडलं असं वाटायचं. थंडी, सीमेवरचं कस्टम्स, कर, अमेरिकन टीव्हीवर न दिसणं. या वेळी पहिल्यांदा तसं वाटत नाहीये. हा देऊन गेला. पण पुढच्या वर्षी जून येईल तेव्हा तो नसेल, हे तेवढंच टोचतं. बाकी मी ठीक आहे. वारीच्या धाग्यावर जातो आता. एकादशी शुक्रवारी आहे, आईला लाइव्ह दर्शन लावून द्यायचंय.

सदाशिव२_० | ७ जुलै २०१९

मी एकही सामना बघितलेला नाही, पण काल श्रीलंकेविरुद्ध रोहितचं पाचवं शतक बघताना मध्येच हा धागा उघडत होतो. पुढच्या हंगामात एक सामना लावून बघेन म्हणतो. कुठल्या संघाला पाठिंबा द्यायचा तेवढं सांगा, हरणारा चालेल.

वजाबाकी | ११ जुलै २०१९

काल सही झाली. चार वर्षं म्हणत होते, निघाली तीन. १० कोटी ३० लाखांच्या आसपास, आणि तिसरं वर्ष त्याच्या मर्जीवर. म्हणजे दार २०२१ला उघडतं. मी काही बोलत नाही.

पोर्ट क्रेडिटकर | ११ जुलै २०१९

फ्रीजवरचा कागद काढला नव्हता, आता फ्रेम करतो. डॅनी ग्रीन लेकर्सला गेला, त्याच्याबद्दल कुणी चार ओळीही लिहिल्या नाहीत. फायनलच्या तिसऱ्या सामन्यात त्यानं सहा थ्री-पॉइंटर टाकले होते.

नागपाडा_बॉल | ६ ऑक्टोबर २०१९

अवांतर, पण धागा हाच बरा. काल-परवा वरळीच्या डोममध्ये किंग्ज विरुद्ध पेसर्स. भारतात एनबीएचे पहिले सामने! पहिला ओव्हरटाइममध्ये १३२-१३१ असा गेला, तो टीव्हीवर बघितला. दुसऱ्याला आत होतो. माझ्या पुढच्या रांगेत दहा-बारा वर्षांचा पोरगा, अंगात रॅप्टर्सची २ नंबरची जर्सी. म्हटलं, अरे तो गेला ना क्लिपर्सला. म्हणाला, "काका, जर्सी चार हजारांची आहे."

पोर्ट क्रेडिटकर | १२ डिसेंबर २०१९

धागा वर काढतोय. काल तो आला होता.

तिकिटांचे भाव बोलण्यासारखे नाहीत. पोराला घेऊन अगदी वरच्या, छताला टेकलेल्या रांगेत बसलो. सुरुवातीला दिवे घालवले, फिलाडेल्फियाविरुद्धचा तो बॉल पडद्यावर पुन्हा चार वेळा आपटला, आणि चारही वेळा माझ्या पोटात तसंच झालं. मग आमच्या लाउरीनं येऊन विजेतेपदाच्या अंगठीची डबी त्याच्या हातात दिली. सगळे उभे. हुर्यो उडवणारे होते, नाही असं नाही, पण मॅच सुरू झाल्यावर, आणि तेही सवयीनं. तो हसला. दात दिसले. मग आम्हाला ११२-९२ हरवून गेला, २३ पॉइंट त्याचे.

पोरगा डेरोझनची जर्सी घालून आला होता. का ते मी विचारलं नाही.

घरी येऊन वाईला फोन लावला. तिकडे सकाळ. आई म्हणाली, "अंगठी दिली ना हातात? बरं झालं. रिकाम्या हातानं नाही पाठवायचं. आणि तो दुसरा, ज्याला मुलगा झाला आणि मग खूप बादल्या टाकल्या, तो आहे ना अजून?"

फ्रेड व्हॅनव्लीट. आहे. पण त्याचाही करार येत्या उन्हाळ्यात संपतोय.

वजाबाकी | १२ डिसेंबर २०१९

नवीन धागा काढा. हिशेब तयार आहे.

माणदेशी | १२ डिसेंबर २०१९

कवा काढताय?